डबीतली गोगलगाय

माझी पेठला बदली झाली होती. बिऱ्हाड नाशकातच ठेवून मी एकटाच हजर व्हायला निघालो होतो. एसटीत शेजारी साठीचे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या मांडीवर भोकं पाडलेली डबी होती आणि खड्डा आला की ते ती अलगद उचलून धरायचे.

आत ओल्या पाल्यावर एक गोगलगाय होती. उन्हाळ्यात ती शंखाच्या तोंडावर पडदा ओढून झोपली होती. रिकामा शंख समजून त्यांनी तो पेठकडच्या जंगलातून नाशकात इंदिरानगरच्या घरी आणला होता. हवा दमट झाली तशी ती खिडकीत चालायला लागली. आता तिला होती तिथे परत सोडायला निघालोय, असं ते म्हणाले.

घाटात गाडी थांबली.

"इथंच सोडा की. झाडी तीच आहे," मी म्हणालो.

"झाडी तीच, पण गोगलगायी निराळ्या. मधला उघडा माळ यांना ओलांडता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या डोंगरावर राहून यांच्या जाती वेगळ्या झाल्या." त्यांनी डबीत डोकावून पाहिलं. "इथे ही जगेल हो. पण एकटीच."

पुढच्या फाट्यावर ते उतरले आणि पायवाटेनं चढायला लागले.

पेठ यायला अजून वेळ होता. मी रॅकवरची बॅग काढून मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून बसलो.