डुगडुगणारं स्टूल

शिक्षक-प्रशिक्षण केंद्रात सगळे त्यांना मिस्त्रीबाई म्हणत. आधी टवाळीने, मग सवयीने आणि शेवटी आदराने. वडील सुतार, त्यांच्या हाताखाली रंधा मारतच बाई वाढल्या. पुढे शाळांमध्ये डिझाइन आणि तंत्रज्ञान हा विषय आला. शिकवायचा कुणी? जन्मात खिळा न ठोकलेल्या शिक्षकांनी. आणि त्या शिक्षकांना शिकवायचं कुणी? तर पदवीचा कागद नसलेल्या मिस्त्रीबाईंनी. नेमणूक तात्पुरती होती, ती अकरा वर्षं तात्पुरतीच राहिली.

बाईंचा नियम एकच: शिकणाऱ्याच्या कामाला शिकवणाऱ्याने हात लावायचा नाही. सांगायला सोपं आहे हो! पण समोरचं पोर स्क्रू वाकडा पिळतं तेव्हा हात असे शिवशिवतात की विचारू नका. तास संपत आला की नवे शिक्षक हमखास मुलाच्या हातातली वस्तू ओढून घेत, स्वतः झटपट जोडत आणि वर मुलालाच शाबासकी देत. बाईंनी पकडलं की जोडलेली वस्तू शिक्षकालाच पुन्हा सुटी करायला लावत. भल्याभल्या मुख्याध्यापकांनी मान खाली घालून स्क्रू उलटे फिरवले आहेत.

यंदा तपासणीला साहेब आले. धडा फसला तर बाईंच्या जागी पदवीधर माणूस येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धडा घ्यायचा होता त्यांच्याच तुकडीत शिकणाऱ्या गणिताच्या बाईंनी. त्यांच्याकडे पदव्या दोन, पण सहा महिन्यांपूर्वी हातोडी बघूनही त्या दोन पावलं मागे सरत. मिस्त्रीबाई मागच्या बाकावर बसल्या, जीव मुठीत धरून.

केंद्राला जोडलेल्या शाळेतल्या सहावीच्या चार मुलींनी स्टूल केलं होतं, नळापर्यंत हात न पोहोचणाऱ्या पहिलीच्या पोरांसाठी. साहेबांनी त्यावर तळहात दाबला. स्टूल चांगलंच डुगडुगलं.

गणिताच्या बाईंचा हात स्क्रूड्रायव्हरकडे गेला. मिस्त्रीबाईंनी डोळेच मिटले. उघडले तेव्हा स्क्रूड्रायव्हर जागच्या जागी होता आणि गणिताच्या बाई मुलींना विचारत होत्या, "का गं हलतंय?"

"एक पाय आखूड झालाय," एक म्हणाली.

"मोजून बघा."

मोजलं. चारही पाय सारखे. मुली पुन्हा पुन्हा मोजत राहिल्या. दहा मिनिटं गेली. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"अहो बाई, ठोका ना एक खिळा, आटपून टाका!"

"मी ठोकला तर स्टूल माझं होईल, साहेब. थोडं थांबा."

मिस्त्रीबाईंना दोष आल्याआल्याच दिसला होता. ओठ घट्ट मिटून त्या बसून राहिल्या. अखेर सगळ्यात लहानखुरी मुलगी जमिनीवर आडवी झाली, खालून बघत राहिली आणि ओरडली, "पाय नाही, सांधा हलतोय! इथे तिरपी पट्टी पाहिजे!"

मग काय, कापा, घासा, बसवा. पट्टी जरा वाकडीच बसली, पण बसली. लहानखुरी स्टूलवर चढून दोन उड्या मारून आली. स्टूल हललं नाही. मिस्त्रीबाईंचा ऊर भरून आला. आपण शिकवलेलं माणूस आपल्यासारखंच थांबलं, याचा त्यांना एवढा अभिमान वाटला की नोकरीचं काही क्षण ध्यानातच राहिलं नाही.

साहेब मात्र विसरले नव्हते. कागद पुढे ओढत त्यांनी विचारलं, "तुमची पदवी?"

"नाही," मिस्त्रीबाई सरळ म्हणाल्या.

"माझ्या दोन आहेत, साहेब," गणिताच्या बाई मध्येच बोलल्या. "पण मुलं चुकत असताना गप्प कसं राहायचं, हे मला एकीतही शिकवलं नव्हतं."

साहेबांनी कागदावर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. "नेमणूक कायम करायची शिफारस करतो. एका तुकडीत किती शिक्षक घेता?"

"वीस."

"पुढच्या वर्षी चाळीस घ्या."

वरिष्ठांचं कौतुक असं ताटात वाढून आलेलं. दुसरं कुणी असतं तर हात जोडून हो म्हणालं असतं.

"वीसच घेईन," मिस्त्रीबाई म्हणाल्या. "चाळिसांना चुकायला माझ्याकडे जागा नाही."