महायुद्धाआधीचे डाव

आई गेल्यावर मी बाबांना टोकियोत, निशी-कसाईला माझ्या घरी घेऊन आले, ते तीन महिन्यांच्या व्हिसावर. नोकरीसाठी आलेल्यांना आईवडील कायमचे आणता येत नाहीत, हे व्हिसाच्या ऑफिसात मला दोनदा सांगण्यात आलं. दोन्ही वेळा इतक्या नम्रपणे की धड भांडताही येईना. आणि भांडण हे एक काम मला बरं जमतं.

बाबांनी सामानात भाजणी, लसणाची चटणी आणि बुद्धिबळाचा घडीचा पट आणला होता. त्यांना खेळण्यापेक्षा जुने डाव मांडून दाखवायची हौस. जुने म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधीचे. त्या काळी खेळाडू आगगाडीने देशोदेशी जायचे, एकेक स्पर्धा आठवडेच्या आठवडे चालायची, आणि बाबा हे असं सांगत की जणू स्वतः त्यांना स्टेशनावर पोचवायला गेले होते. पुण्यात हे ऐकणारी आई होती. ती गवार निवडत बसायची, पण हुंकार मात्र देत राहायची.

इथे त्यांना माझी मुलगी मिळाली. तिचं मराठी जेवण, झोप आणि माझं रागावणं एवढ्यापुरतं, म्हणून मध्ये मी. कावासाकीच्या ऑफिसातून दमून यायचं, कुकर लावायचा आणि घोडा तिकडे का गेला ते जपानीत सांगायचं. मी वैतागायचे. पण बाबा चहा झाला का हे चार-चारदा विचारू लागले होते, पुण्यात गॅस चालू राहिल्याचं शेजाऱ्यांनी कळवलं होतं, आणि डावातली एकही चाल मात्र चुकत नव्हती. तेवढा वेळ ते पूर्वीचे बाबा असत.

एक खेळाडू त्यांचा फार लाडका. भल्याभल्यांना पाणी पाजायचा आणि वर समोरच्याची माफी मागायचा.

"हा तर जपानीच," मुलगी म्हणाली. बाबांना ते फारच आवडलं.

जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांची बॅग भरून दाराशी ठेवली होती. व्हिसा वाढवून मिळेल का, हे माझं सगळीकडे विचारून झालं होतं, रडूनही झालं होतं. उद्यापासून ते पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटे राहणार होते आणि माझ्या हातात काहीही नव्हतं. बाबा आणि मुलगी पटाशी बसली होती. बाबा त्या खेळाडूची गोष्ट नेहमी बक्षीस समारंभापाशी थांबवत. मुलीनं पुढचं टॅबवर शोधून काढलं होतं. ती जपानीत बोलली आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणतेय गं?"

"म्हातारपणी त्यांचं डोकं चालेनासं झालं, असं वाचलंय तिनं. एकटेच असायचे म्हणे."

"बरोबर वाचलंय." बाबा प्यादी लावत होते.

मुलीनं आणखी काही विचारलं. भलतंच काही सांगता आलं असतं, पण तेही सुचेना. बाबा वाट बघत होते.

"ती विचारतेय, त्यांना मुलं नव्हती का?"

बाबांनी हातातला उंट त्याच्या घरात ठेवला.

"होती की," ते म्हणाले. "चांगली होती. लांब होती. त्यांचा काय दोष?"

आता मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला हे मलाच जपानीत सांगायचं होतं.