मॅडमसाठी आणलेला हार

चहा येऊ दे, मग सांगतो. पण आधी कबूल करा की हसणार नाही. माझी बायको वैशाली आजही हसते, आणि तिला हक्क आहे, कारण तिनं मला आधीच सांगितलं होतं.

मी इंटिरिअरची कामं करतो हे तुम्हाला माहीत आहेच. फर्निचरच्या शोरूममधली नोकरी सोडून स्वतःचं सुरू केलं, आणि पहिलं मोठं काम आलं ते मुंबईच्या एका शाम्पू-तेलाच्या कंपनीचं. त्यांना इथे नाशिकला, गंगापूर रोडवर तीन दिवसांचं तात्पुरतं सलून हवं होतं. मोकळ्या जागेत मांडव, आत चार खुर्च्या, मुंबईचे चार कारागीर, आणि येईल त्याचे केस फुकट कापून द्यायचे. हे जमलं तर पुणे, कोल्हापूर, नागपूरही मलाच मिळणार. नाही जमलं तर मी परत शोरूममध्ये सोफे पुसायला.

आता सलूनचं काम माझ्याकडे यावं हाच एक विनोद. माझ्या डोक्यावर तिशीपासून एक केस नाही. पण नजर आहे, असं माझं मत होतं.

कंपनीच्या मालकीण अनघा मॅडम फोनवर म्हणाल्या, "साधं ठेवा. आत आल्यावर शांत वाटलं पाहिजे." मी ठरवलं, शांत म्हणजे पांढरं. मांडव पांढरा, पडदे पांढरे, वाट बघणाऱ्यांसाठी पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या. वैशालीनं चित्र बघितलं आणि म्हणाली, "अहो, पांढरं जरा जास्त होतंय."

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हटलं.

उद्घाटनाच्या सकाळी मी पांढरा झब्बा घालून नऊलाच हजर. आणि एक सांगतो, त्यानंतर मी जे जे केलं, त्यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण होतं. मॅडमचा मोठा फोटो दारासमोर लावला, कारण कंपनी त्यांनी उभी केली. त्यांच्या स्वागतासाठी मखमलाबादच्या फुलवाल्या काकूंकडून निशिगंधाचा जाडजूड हार आणला होता. मॅडम घोटीपाशी ट्रॅफिकमध्ये अडकल्या, आणि कंपनीच्या नावाचा बोर्डही त्यांच्याच गाडीत. हार टेबलावर चेपायला लागला, म्हणून फोटोला अडकवून ठेवला. उद्घाटनाची समई होतीच, ती फोटोपुढे मांडली आणि वारा नाही तोवर पेटते का ते बघितलं. पेटली. कापडाला गोदामाचा वास येत होता म्हणून उदबत्त्या लावल्या. आणि मी दारात हात जोडून उभा राहिलो.

पहिले आले ते एक निवृत्त मास्तर, हातात भाजीची पिशवी. दारात थांबले, चपला काढल्या, फोटोला नमस्कार केला. मला वाटलं, काय आपल्या नाशिकची माणसं. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"कसं झालं हो हे सगळं?"

"कष्टानं," मी म्हटलं. "बाईंनी रात्रंदिवस काम केलं. दुसरं काही नाही."

"तेच तर. तब्येतीकडे बघत नाहीत. वय?"

"बावन्न."

"अरेरे," असं म्हणून मास्तर खुर्चीत जाऊन बसले. मला जरा खटकलं. बावन्नाव्या वर्षी बाईनं धंदा करू नये असं त्यांना वाटत असेल, तर तो त्यांचा प्रश्न.

एक बसलेला दिसला की दुसरा येतोच. अर्ध्या तासात पंधरावीस माणसं झाली. सगळी चपला बाहेर काढून, खाली मान घालून. कुणाचा फोन वाजला तर तो बाहेर जाऊन बोलत होता. शांत वाटलं पाहिजे म्हणाल्या होत्या ना? मी मनातल्या मनात पुण्याचा मांडव घालायला घेतला.

फक्त केस कुणी कापून घेईना. कारागीर कैची घेऊन जवळ गेला की माणूस हळूच म्हणायचा, "नको, मी नात्यातला नाही." देवळा गावाहून मुलीकडे आलेले एक बाबा तर दचकलेच. "आमचा काय संबंध नाय भाऊ. येता येता दिसलं म्हनून टेकलो." मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाले, "तुमचं उरकलेलं दिसतंय."

"माझं तिशीतच उरकलं," मी म्हटलं.

बाबांनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खुर्ची जरा लांब ओढून घेतली.

मी समजलो, लोकांना वाटतंय ही सवलत फक्त मालकांच्या नातेवाइकांना आहे. म्हणून मध्ये उभा राहून मोठ्यानं सांगितलं, "मंडळी, संकोच करू नका. नात्यातलं असायची काही गरज नाही. बायकांनीसुद्धा बसायला हरकत नाही."

दोन बायका उठून निघून गेल्या.

तेवढ्यात मास्तर उभे राहिले. "बाईंना आपण कुणी ओळखत नव्हतो. पण फार कष्टाळू होत्या, असं यांच्याकडून कळलं. दोन मिनिटं उभे राहू या."

सगळे उभे राहिले. मीही राहिलो. आणि तेव्हा कुठे ते 'होत्या' माझ्या डोक्यात शिरलं. पांढरा मांडव, हार घातलेला फोटो, समई, उदबत्ती, केस काढायला सज्ज चार जण, आणि दारात पांढऱ्या झब्ब्यातला गुळगुळीत मी. दहाव्याला याहून वेगळं काय असतं?

नेमक्या त्याच वेळी गाडी थांबली आणि अनघा मॅडम आत आल्या. बघतात तर सगळे माना खाली घालून उभे. सुसंस्कृत बाई. त्यांनी गॉगल काढला, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि मान खाली घातली. मी बोलायला हवं होतं, मान्य. पण श्रद्धांजली चालू असताना मध्येच कसं बोलणार?

दोन मिनिटं झाली. मॅडमनी हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

मी फक्त फोटोकडे बघितलं. मग त्यांनीही बघितलं.

मास्तर जवळ आले. त्यांनी फोटो बघितला, मॅडमना बघितलं. "आपण बहीण का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "मीच ती."

माझ्या डोळ्यांसमोरून पुणे गेलं, कोल्हापूर गेलं, नागपूर गेलं. मला खरंच रडू येत होतं, आणि रडलो असतो तर तेही त्या मांडवात शोभून दिसलं असतं.

शेवटी देवळ्याचे बाबा म्हणाले, "म्हंजे बाई हायेत ना?"

"आहे," मॅडम म्हणाल्या.

"मंग कापा केस. कवाचा बसलोय, मानेवर लय वाढलेत." आणि ते पहिल्या खुर्चीत जाऊन बसले. मागोमाग मास्तर. दुपारपर्यंत रांग रस्त्यावर गेली. आपल्याच दहाव्याला आलेली बाई कशी दिसते, ते सगळ्यांना बघायचं होतं.

मॅडमनी फोटोचा हार स्वतः काढून माझ्या हातात दिला. दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. पुणे मला मिळालं होतं. खाली अटी होत्या. मांडव रंगीत असावा. कुणाचाही फोटो नको. उदबत्ती नको. आणि शेवटची, उद्घाटनाच्या दिवशी डिझायनरनं डोकं झाकून यावं.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं मेन रोडला टोपी घ्यायला गेलो. बऱ्याच बघितल्या, एक मला पसंत पडली. वैशालीनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि दुकानदाराला परत दिली. पांढरी होती.