चांदीचा डावा पाय

शाळेच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला तेव्हा शिपाई त्याला लिंबू-मिरची बांधायला निघाला होता, त्याला मी हाकलून दिलं. एवढ्यावरून माझा स्वभाव कळेल. नजर, करणी, बाहेरचं... असलं काही मला सांगायला येऊ नका. तरी हे लिहितेय, कारण डोक्यातून जात नाही.

मी सोलापुरात, जुळे सोलापूर भागात राहते. थोरला भाऊ, दादा, सांगोल्याकडे गावात मेंढरं राखतो. मागच्या वर्षी मोटरसायकलवर असताना त्याला टेम्पोनं उडवलं. डाव्या खुब्याची वाटी फुटली - म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा ज्या खोबणीत फिरतो ती. गावातल्या शहाण्यांनी आधी हाड बसवणाऱ्याकडे नेऊन तेल चोळलं. चार दिवस त्यात गेले. मग मीच जाऊन त्याला सोलापूरला आणलं.

सीटी स्कॅनमध्ये वाटीचे तीन तुकडे दिसले. डॉक्टर म्हणाले, "दोन आठवड्यांच्या आत आलात ते बरं. उशीर झाला की तुकडे नीट जुळत नाहीत." नवव्या दिवशी ऑपरेशन झालं. प्लेट, स्क्रू, सगळं. आणि बजावलं - तीन महिने डाव्या पायावर भार नको. जुळवलेली वाटी सरकली तर आयुष्यभर लंगडणं. मेंढरांमागं दिवसभर चालणाऱ्या माणसाचं पोट त्या पायावर होतं, म्हणून मी त्याला माझ्याच फ्लॅटवर ठेवून घेतलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी गावाहून वहिनीचा फोन. "वन्सं, चांदी मागचा डावा पाय टेकवंना." चांदी म्हणजे दादाची लाडकी मेंढी. म्हटलं, खुरात काटा असेल, बघ. काटा नव्हता. जनावरांच्या डॉक्टरलाही काही सापडलं नाही.

"ह्यांना सांगू नगा," वहिनी म्हणाली. "न्हायतर गावाकडं पळत्याल."

"पळायला पाय कुठाय?" मी म्हटलं. पण दादाला सांगितलं नाही.

पाचव्या आठवड्यात, भर दुपारी ऑफिसात पुन्हा तिचा फोन. "वन्सं, ह्यांनी पाय टेकवला का वो?"

"काहीतरीच काय वहिनी."

"चांदी तीन पायांवर उभी हुती, एकदम वरडून खाली बसली. माजा जीव थाऱ्यावर न्हाय. बघून या की."

मी वैतागले. पण रिक्षा करून घरी गेले. दादा गॅलरीत उभा, दोन्ही पायांवर. वॉकर आत पलंगाशी.

"दादा, अक्कल गहाण टाकलीस का?"

"सुमे, कोकराचा पाय मोडला तर आमी बांबूच्या कामट्या बांधतो. एकवीस दिवसांत पळतंय ते. मला तर म्हैना झाला की."

"तू कोकरू आहेस का?"

तो बसला, मग म्हणाला, "पर तुला सांगितलं कुणी?" मी आतून वॉकर आणून त्याच्यापुढं ठेवला.

संध्याकाळी एक्स-रे काढला. वाटी जागेवर होती. "असाच आणखी चार दिवस चालला असता तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं असतं," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला कळलं कसं?" शेजारणीनं पाहिलं, असं ठोकून दिलं.

दोन आठवड्यांनी वहिनीचा परत तोच फोन. या वेळी मी घरी फोन लावून दादाला दरडावलं, "आत्ता पाय टेकवलास ना?" पलीकडून हळूच, "संडासला जाताना. एकदाच." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली... खरीखुरी. त्यानंतर त्यानं पाय टेकवला नाही.

तीन महिने झाले. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "टेकवा आता." दादा सहा पावलं चालला आणि रडायला लागला. मीही रडले, लपवत नाही. बाहेर येऊन वहिनीला फोन लावला. मला वाटलं, ती म्हणणार चांदीपण चालायला लागली. पण ती रडत होती. चांदी सकाळी बसल्या जागी गेली होती. आदल्या दिवशी व्यवस्थित चारा खाल्ला होता म्हणे, आजार कसलाच नव्हता.

दादाला मी काही बोलले नाही. गावी पोचल्यावर वहिनीनंच सांगायचं, असं आमचं ठरलं.

आठवड्यानं त्याला घेऊन गेले. गाडीतून उतरला तो घरात न जाता काठी टेकत मेंढरांकडे गेला. आम्ही दोघी मागे. वहिनीनं माझा हात घट्ट धरलेला. दादा त्याच्या मेंढरांना तोंडावरून ओळखतो, कळपात एक कमी असली तर त्याला लांबूनच कळतं. तो एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत शेवटपर्यंत गेला. थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मग वळून वहिनीला म्हणाला, "च्या टाक."

आता तो पूर्वीसारखा मेंढरांमागं हिंडतो, जरासुद्धा लंगडत नाही. मेंढीचा पाय आणि माझ्या भावाचा पाय यांचा काय संबंध, मला आजही सांगता येणार नाही. आम्ही त्याला चांदीचं कधीच सांगितलं नाही. आणि त्यानंही अजून एकदासुद्धा विचारलेलं नाही.