काशीचं बोट

सकाळचे पावणेसात. एका शेगडीवर दूध, दुसरीवर तांदळाची भाकरी फुगायच्या बेतात, आणि पडवीतून यांची हाक, "माझा रुमाल कुठं गेला?" रुमाल यांच्याच खांद्यावर होता. ते सांगायला मी तोंड उघडलं आणि मागच्या दाराची कडी वाजली.

दारात भागोजीभाऊ. काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी, हातात वर्तमानपत्राचा एक तुकडा.

"वैनी, आदी भाकरी उतरा, करपंल," ते म्हणाले. "माजं काम मंग."

रेवदंड्याच्या बंदरात निम्म्याहून जास्त बोटींवर जी नावं दिसतात ती भागोजीभाऊंच्या हातची. मूळचे ते माणगावकडचे, भातशेतीवाल्या घरातले. विसाव्या वर्षी हायवेवर ट्रकच्या पाठी रंगवत होते. कुणीतरी एक बोट लिहायला म्हणून इकडे आणलं, ते इथलेच झाले. आमच्या फाटकावरचं नावही त्यांचंच. त्यातला 'र' असा पुढे झेपावलाय की भरती आली तर फाटक समुद्रात निघून जाईल.

त्या कागदाला सुकटीचा वास होता, पुडी बांधून आलेला असणार. त्यात अलिबागच्या एका कलामंडळाची जाहिरात होती. विषय 'प्रेम'. आलेल्या कामांतून तीन परीक्षक निवड करणार, निवडलेली कामं फेब्रुवारीत आठवडाभर मांडणार. पोचवायचा शेवटचा दिवस उद्याचा.

"परीक्षक म्हंजे नापास पन करतात?"

"करतात की."

"मंग चालंल. सातवीत दोनदा झालोय, सवय हाय."

मी अर्ज लिहायला बसले. नाव, वय त्रेसष्ट, फोन नंबर माझा, कारण त्यांचा फोन कधी चार्ज केलेलाच नसतो. पुढचा रकाना, चित्राचं शीर्षक.

"काशी," ते म्हणाले.

"बायकोचं नाव द्यायचं?"

"मंग काय शेजारनीचं दिऊ?"

काशीताई तेव्हा बोर्ली पंचतनला लेकीकडे, शिवानीकडे गेल्या होत्या. परवा यायच्या होत्या. त्यांना यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. निवड झाली की एकदम अलिबागला न्यायचं आणि चित्रापुढं उभं करायचं, असा बेत. हे सांगताना त्रेसष्ट वर्षांच्या माणसाचे कान तांबडे झालेले मी पाहिले.

मग त्यांनी चादर सोडली. हार्डबोर्डवर दोन हंस. माना एकमेकांकडे वळवलेल्या, त्यांचा मधे बदाम झालेला. पाणी फार छान उतरलं होतं, ते बंदरात रोज पाहिलेलं पाणी होतं. बदाम मात्र गर्द हिरवा, कच्च्या कैरीसारखा.

"बदाम हिरवा केलात?" मी म्हटलं. "वेगळंच सुचलं तुम्हाला."

मी खरंच कौतुकानं म्हणाले होते. भाऊ चित्राकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं.

"हिरवा हाय?"

"हो. तुम्हीच तर..."

ते पायरीवर बसले. यांची एसटी निघून गेली, दूध उतू गेलं, मी चहा पुढं केला. नंतर जे सांगितलं ते छत्तीस वर्षांत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना तांबडा आणि हिरवा ओळखता येत नाही. दोन्ही एकसारखेच, मळकट मातीसारखे दिसतात. मला कॉलेजातलं जीवशास्त्र आठवलं. पुस्तकात दीड ओळीत संपणारी गोष्ट इथं माझ्या पायरीवर बसली होती, आणि तिचा धंदा होता बोटी रंगवायचा.

लग्न होईपर्यंत त्यांना स्वतःलाही नीट ठाऊक नव्हतं. ट्रकवाले डबा उघडून हातात देत, भाऊ लावत. लग्नानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी ते लाडात येऊन काशीताईंना म्हणाले, "तुजा तांबडा चुडा लय शोबतो." नव्या नवरीच्या हातात चुडा हिरवा! काशीताईंना आधी वाटलं, नवरा पिऊन आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताटात दोन मिरच्या ठेवल्या, एक हिरवी, एक पिकलेली, आणि म्हणाल्या, "तांबडी उचला." भाऊंनी हिरवी उचलली.

काशीताई कुणालाही बोलल्या नाहीत, माहेरीसुद्धा नाही. त्यांनी फक्त रंगाच्या डब्यांच्या कड्यांना सुतळ्या बांधल्या. तांबड्याला एक गाठ, हिरव्याला दोन. मिसळायचा रंग त्या घरी स्वतः मिसळून देत. कुठल्या बोटीला कुठला रंग, हे पुढच्या वर्षी विसरायला नको म्हणून चुलीमागं एका फुटक्या होडीची फळी उभी करून ठेवली होती. तिच्यावर मिसळलेल्या रंगाचं बोट त्या उमटवत, आणि शेजारी भाऊ कोळशानं बोटीचं नाव लिहीत. बोटीला एक बोट. दर साली नवा रंग जुन्या बोटाशी ताडून बघायचा, मगच डबा बंदरावर जायचा. हंसांसाठी गुपचूप आणलेल्या डब्यांना मात्र गाठी नव्हत्या.

"बोटीवर येकदाच चुकलो," भाऊ म्हणाले. "शिवानीच्या बाळंतपनाला ही माह्यारी गेल्ती. गाठी सुटल्या का उंदरानं कुरतडल्या, द्येव जानं. नामाच्या बोटीला तांबडा पट्टा मारायचा व्हता, मी मारला हिरवा."

"मग?"

"नामा लय वरडला. पन त्या साली त्याला पापलेट असं लागलं, की म्होरच्या साली चार बोटवाले आले, आमाला पन हिरवाच मार म्हनून." ते हसले नाहीत. "वैनी, ह्ये कुनाला बोलू नका. रंग दिसत न्हाय त्याला बोट कोन देल?"

मी म्हटलं, नाही बोलणार. बदाम पुसून तांबडा करूया, डबा मी दाखवते, असंही म्हटलं. पण तैलरंग, वाळायला दोन दिवस, आणि हातात एकच. "ऱ्हाऊ द्या. जसं झालं तसं," म्हणून ते उठले. हार्डबोर्ड वाटेत वाकू नये म्हणून घरून एक फळी घेऊन आले, चित्र तिच्यावर सुतळीनं बांधलं आणि अलिबागच्या रिक्षावाल्याच्या स्वाधीन केलं.

बाराव्या दिवशी फोन आला. कलामंडळाची सोनल नावाची मुलगी, आवाजात उत्साह मावत नव्हता.

"काकू, भागोजींची फळी निवडलीये! तिन्ही परीक्षकांनी एकमतानं!"

"फळी? आणि हंस?"

"हंस... म्हणजे ते वरचं पॅकिंग होतं ना?"

फळी काशीताईंची होती. मापाला बरी दिसली म्हणून भाऊंनी चुलीमागून उचलली होती, परत आली की ठेवून देऊ म्हणून. तिच्यावर साठेक बोटांचे ठसे होते, लाल, हिरवे, निळे, केशरी, काही एकावर एक पाच-पाच वर्षांचे, आणि प्रत्येकाशेजारी भाऊंचं ते झेपावणारं अक्षर. सोनल म्हणाली, परीक्षकांना एवढंच कळलंय की एक हात बाईचा आहे आणि एक पुरुषाचा. हे काय आहे ते दोन-तीन ओळींत लिहून द्या, शेजारी लावायला. आणि नाव अर्जातलं 'काशी'च ठेवायचं की दुसरं द्यायचं?

मी पदर खोचून तशीच त्यांच्या घरी गेले. तिथं आधीच रण पेटलं होतं. काशीताई परत येऊन दहा दिवस झाले होते आणि फळी सापडत नव्हती.

"उंदरानं नेली म्हनतात! फळी! उंदीर हाय का रेडा?"

मी निरोप सांगितला. भाऊंना खरं ओकावं लागलं. हंस, अर्ज, हिरवा बदाम, सगळं. बदामापर्यंत आले तशा काशीताई मटकन बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "माज्यासाटी हिरवा बदाम! भाजी करू का त्याची?"

भाऊंना हसू येत नव्हतं. "वैनी, त्यांना कळवा, फळी माघारी द्या म्हनावं. ते चार ओळी लावनार, समदं बंदर वाचनार. तीस बोटी हायत माज्या. येका दिसात जातील."

"मग नुसतं नाव देऊ तुमचं? खाली काही न लिहिता?" मी विचारलं.

काशीताई डोळे पुसत म्हणाल्या, "द्या की. छत्तीस वर्सं गप ऱ्हायले, आनखी ऱ्हाईन. मला काय त्याचं."

त्यांना खरंच त्याचं काही नव्हतं. पण भाऊंनी त्यांच्या हाताकडे बघितलं. उजव्या हाताच्या तर्जनीचं नख कायमचं निळसर झालंय, रॉकेलनं धुतलं तरी जात नाही. बाहेर कुणाची तरी मासळीची रिक्षा गेली. मग ते म्हणाले, "बोटं हिची. खाली माजं एकट्याचं नाव लागलं तर मी चोर. लिवा, वैनी."

त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. फक्त भाषा थोडी सरळ केली: 'ही फळी काशीची आहे. मला तांबडा आणि हिरवा ओळखता येत नाही. प्रत्येक बोटीचा रंग ती आधी इथं बोटानं लावते, मग मी बोटीला लावतो.' आणि नाव दिलं, 'काशीचं बोट'.

प्रदर्शनाच्या दिवशी अलिबागच्या त्या हॉलमध्ये आम्ही शिरलो तेव्हा काशीताईंनी माझा दंड धरून ठेवला होता. भिंतीवर गुलाब होते, आई-बाळं होती, तारेचं एक काळीज होतं. आणि मधोमध, वरून दिव्याचा झोत सोडलेली, चुलीमागची फळी. "आगं बाई, पुसून तरी द्यायची," काशीताई पुटपुटल्या.

भाऊ फळीपासून दोन हातांवर ताठ उभे. कारण दारातून नामा येत होता. मागून बंदरावरचे दहा-बारा जण, टेम्पो करून आलेले, बायका फुलं माळून. नामा म्हणजे तोच, हिरव्या पट्ट्याचा. तो थेट फळीपुढे जाऊन उभा राहिला, चष्मा लावला आणि शेजारची चिठ्ठी मोठ्यानं वाचू लागला. छापताना कुणाचा तरी हात चुकला होता. वर लिहिलं होतं, 'काशीची बोट'.

"काशीची बोट!" नामा गरजला. "काशीबाय, कवा घेतलीस? लायसन हाय का?"

सगळे हसले. मग तो पुढचं वाचायला लागला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज खाली आला. संपल्यावर त्यानं चष्मा काढला. मला भाऊंच्या तोंडाकडे बघवेना.

"भागोजी," नामा म्हणाला, "तू आमाला येडं समजतोस काय रं?"

"चुकलं माजं. आदीच सांगाया पायजे व्हतं."

"काय सांगनार? तो हिरवा पट्टा मारलास तवाच कळलं. मी वरडत व्हतो आन् तू पट्ट्याकडं बघून म्हनत व्हतास, तांबडाच हाय की! माजी म्हातारी म्हनली, त्याला दिसत नाय, गप बस. त्या दिसापासून आमच्यातला कोन तुज्या हातात डबा देतो? सांग! सगळे डबे काशीबायच्या दारात."

भाऊ आठवत राहिले. मीही आठवलं. बंदरावरून येणारा प्रत्येक डबा काशीताईंच्या पायरीवर ठेवून माणूस निघून जायचा, हे मी कितीदा बघितलं होतं. मला वाटायचं, भाऊ घरी नसतील.

"मंग बोलला का न्हाईस तीस वर्सं?"

"बोललो असतो तर तू गेला असतास परत माणगावला, ट्रक रंगवाया. मंग आमच्या बोटी काय मी लिवू? माजं अक्सर बघितलंस?" मग काशीताईंकडे वळून, "आन् मना तो हिरवाच पायजे हां या साली पन. तांबडा नको."

काशीताई म्हणाल्या, "नामादादा, तुमचा हिरवा तिसऱ्या ओळीत हाय, बघा." आणि त्यांनी बोट दाखवलं. तिन्ही परीक्षक मागे उभे राहून ऐकत होते. त्यातल्या वयस्क बाईंनी काशीताईंना नमस्कार केला, अगदी वाकून. काशीताई इतक्या गोंधळल्या की त्यांनी बाईंना "औक्षवंत व्हा" म्हटलं.

चिठ्ठीतलं 'ची' खोडून भाऊंनी तिथल्या तिथं स्वतःच्या हातानं 'चं' केलं.

शेवटी थोडा कार्यक्रम झाला. सोनलनं सांगितलं, निवडलेली कामं आता मुंबईला जातील, तिथून पुण्याला, दिवाळीपर्यंत फिरतील. मग तिनं माइक भाऊंच्या हातात दिला. त्यांनी तो पेन्सिलीसारखा धरला. परीक्षकांचे आभार मानले, हंसांना पॅकिंग समजल्याबद्दल विशेष. बंदरावरच्या लोकांचे मानताना तेच वाक्य तिसऱ्यांदा सुरू केलं, तेव्हा नामानं खालून "फुडं बोल, टेम्पोवाला थांबलाय" म्हणून ओरडून वाचवलं.

"येकच मागनं हाय," भाऊ म्हणाले. "दिवाळी न्हाय जमायची. फळी मे संपायच्या आत घरी पोचवा. जूनात बोटी पान्यातनं वर येतात, त्या रंगवायच्यात."