‘थॉर्नबेक’ची तिसरी ओळ

हेप्झिबा क्लेगला ‘थॉर्नबेक’ ही प्रार्थनागीताची चाल मुळीच आवडत नसे, आणि अडतीस वर्षं महिन्यातून दोनदा तरी ती तीच वाजवत आली होती. यॉर्कशरमधल्या त्या दगडखाणीच्या गावात चर्चचा ऑर्गन वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं.

चाल व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका संगीतकाराची. तिसऱ्या ओळीच्या शेवटचा उंच स्वर त्याने दोन मात्रांचा लिहिला होता. गाव तो सहा मात्रा ताणायचं. हेप्झिबा दोन मात्रांवर बोटं उचलून हात मांडीवर ठेवायची आणि त्यांचं होण्याची वाट बघायची. “मोजता येत नाही मेल्यांना,” असं घरी बहिणीला सांगायची.

एकोणीसशे चौतीस साली दक्षिणेकडून नवे पाळक आले, मिस्टर पेलम. म्हणाले, “मिस क्लेग, फारच गुळचट आहे हो ही. याच गीताला मी नवी चाल आणलीय.”

“आणा. सुटले मी,” हेप्झिबा म्हणाली.

रविवारी तिने नवी चाल धरली. लोक उभे राहिले आणि जुन्याच चालीवर गाऊ लागले. सगळ्यांत पुढे खाणीतला मुकादम ईनक सग्डन, छाती काढून. दोन कडवी अशीच गेली, ऑर्गन एकीकडे आणि गाव दुसरीकडे. पेलमसाहेब बुटांकडे बघत उभे होते. तिसऱ्या कडव्याला हेप्झिबाने नवं पुस्तक मिटलं आणि ‘थॉर्नबेक’ सुरू केली. उंच स्वर आला. या वेळी तिने बोटं उचलली नाहीत.

उपासना संपल्यावर पेलम आले. “तुम्हाला तर ती आवडत नाही ना?”

“नाहीच आवडत. पण गळे बसले असते सगळ्यांचे. ईनकला उद्या कामावर ओरडायचंय.”

“तो स्वर एवढा का ताणतात पण?”

हेप्झिबा हातमोजे चढवत म्हणाली, “खाण ढासळून नऊ जण गेले होते. त्यांना पुरताना हेच गीत होतं. ईनकच्या बापाचे दोन मुलगे होते त्यांत. त्या स्वरावर आला म्हातारा, आणि सोडेचना. त्याला एकट्याला कसं ठेवायचं, म्हणून सगळ्यांनी धरला.”

“आणि तुम्ही?”

“माझा पहिलाच महिना होता. वीस वर्षांची होते. मला वाटलं, चुकताहेत.”

पेलमनी खिशातून पेन्सिल काढली आणि ऑर्गनवरच्या पुस्तकात त्या स्वरावर ‘थांबा’ची, म्हणजे स्वर धरून ठेवायची, खूण केली. हेप्झिबाने चष्मा लावून ती पाहिली आणि खोडरबरने पुसून टाकली.

“राहू द्या, साहेब. बाहेरचं कुणी वाजवायला आलं, तर कुणासाठी ते माहीत नसताना उगाच थांबेल बिचारं.”