दोन्ही सर्व्हर जिवंत

विनता सप्रे जबलपूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळायची. एक्स-रे, स्कॅन, रिपोर्ट, सगळं दोन सर्व्हरवर राहायचं. एक तळमजल्यावर, दुसरा वर ऑपरेशन थिएटरशेजारी. एकात काही साठवलं की लगेच दुसऱ्यात उतरायचं. एक पडला तर दुसऱ्यानं आपोआप काम उचलायचं. ही जोडी तिनंच निवडली होती. एकेक मशीन बंद करून तिनं चाचणीही घेतली होती.

त्या दुपारी तिच्या मोबाइलवर निरोप आला : खालचा सर्व्हर बंद, वरच्यानं काम घेतलं. तिला बरंच वाटलं. चला, वेळेला उपयोगी पडलं. ती खाली बघायला निघाली, तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून सर्जन डॉक्टर शर्मिलांचा फोन.

"विनता, बरगी गावच्या पेशंटचा आजचा स्कॅन कुठंय? मला तर मागच्या महिन्याचाच दिसून राहिला!"

खाली पोचून विनतानं स्क्रीन पाहिला. आजचा स्कॅन तिथं होता. म्हणजे बंद पडल्याचा निरोप आलेला सर्व्हर चालूच होता! वरचाही चालू, आणि थिएटरमध्ये त्याच्यावरचंच दिसत होतं. दोघंही एकमेकांना मेलेलं समजून आपापला कारभार करत होते. तिनं लगेच फोन लावला.

"मॅडम, ऑपरेशन सुरू करू नका! स्कॅन मी सीडीवर घेऊन येते."

सीडी देऊन परतताना जिन्यात तिला मिस्त्री दिसला. फरशी तोडताना दोन सर्व्हरमधली केबल तुटली होती, आणि तो ती जोडायला बसला होता.

"हाथ मत लगाना, भैया!" ती किंचाळली. जोडली असती, तर एकानं दुसऱ्याची त्या दुपारची कामं पुसून टाकली असती.

तिनं वरचा सर्व्हर थांबवला. दोन्हीकडचे रिपोर्ट एकेक ताडून एकत्र केले, तेव्हा कुठं केबल जोडू दिली. ऑपरेशन नीट पार पडलं.

संध्याकाळी मालक भय्यासाहेबांनी विचारलं, "दोन होते ना? मग काहून असं झालं?"

"दोनच होते म्हणूनच, साहेब. भांडण झालं तर निवाडा कोण करणार? तिसरं छोटं मशीन पाहिजे, दुसऱ्या इमारतीत. ज्याच्या बाजूनं ते बोलेल, त्यानं चालायचं. दुसऱ्यानं गप्प बसायचं."

भय्यासाहेबांनी मान हलवली. "अच्छा, मागवा."

विनता उठली, आणि तिसऱ्या मशीनची मागणी लिहायचा कागद घेऊन आली. ती परत खुर्चीत बसली.